भरायच्या राहिलेल्या बांगड्या

६ ऑगस्ट २०२३, रविवार

आणि पहिली आली कोण, तर भीमाबाई मेसवाली. तिला बोलावलं कुणी? कुणीच नाही. रुद्राणीबाईंची गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली अन् ही पदराला हात पुसत आमच्या दारात हजर. "काय सुलतानबी, मनतशाला बघायला आले का?" म्हणं. मी म्हटलं, "हाव, अन् नवरदेव म्हणजे कॉलेजातली बाई हाय. चालंल का तुला?" तरी गेली नाही. पोहे होईपर्यंत बसली.

रुद्राणीबाई लई साध्या. कॉलेजात इतिहास शिकवतात. भूकंपाला तीस वर्षं होतील म्हणून त्या म्युझियम करून राहिल्यात, पण ते फोनमधलं. म्हणजे इमारत नाही, तिकीट नाही, शिपाई नाही. गेलेल्या गावांतल्या वस्तूंची चित्रं काढायची, ती फोनमध्ये फिरवून बघता येतात, अन् जिची वस्तू तिच्याच घरी राहते. मी तीनदा विचारलं, "घेऊन जाणार नाही ना?" तिन्ही वेळा म्हणाल्या, "नाही मावशी, हात लावू, पण नेणार नाही."

मागं एक साहेब आलते. त्यांना माझी पेटी पुण्याला न्यायची होती, काचेत ठेवायला. मी म्हटलं, पुण्याला कोळसांगवीचं कोण फिरकतंय? अमानत, म्हणजे दुसऱ्याची ठेव, अशा जागी ठेवायची की मालक येता-जाता दिसला पाहिजे. साहेब रागावून गेले. बिचाऱ्यांनी चहा पण अर्धा सोडला.

पेटीतलं काय ते लिहिते. माझी नात मनतशा म्हणाली, "दादी, सगळं लिहीत जा." ही वही तिच्याच क्लासची. वर 'डॉक्टर व्हायचंय?' असं छापलंय. मला व्हायचं नाही म्हणून मला दिली.

आम्ही मनियार. चार बुकं शिकले अन् शादी झाली, मग पन्नाशीपर्यंत डोक्यावर चुड्यांचं गाठोडं घेऊन औशाकडची गावं फिरले. त्यातलं कोळसांगवी माझं लाडकं. तिथल्या बायांची एक तऱ्हा होती. सणाला नवं लुगडं घेतलं की पदराच्या आतल्या कडेची बोटभर चिंधी फाडून द्यायच्या, "मावशे, ह्याच्यावर शोभतील अशा आण." मी जुडी बांधायची ती त्याच चिंधीनं. चिंधी बघितली की बाई कळायची. त्या साली दसऱ्याच्या बांगड्या आणून तयार होत्या. गणपती बुडवले, अन् त्याच रात्री गाव गेलं.

मी जुड्या घेऊन गेलते. एकदा नाही, दोनदा. पत्र्याच्या शेडमध्ये माणसं बसलेली. एक म्हातारा म्हणाला, "मावशी, आता कुणाच्या हातात भरता?" मी गाठोडं उचललं अन् परत आले. तेव्हापासून पेटीत आहेत. दुसऱ्या कुणाला विकायच्या नाहीत. सांगून ठेवलेली बांगडी तिचीच. अन् मनियारीनं ती हातात भरली तरच ती दिली असं होतं, नुसती हातावर ठेवून होत नाही. मी बहात्तरची झाले. अल्लाकडं गेल्यावर विचारील, "सुलतानबी, लोकांचं काय काय आणलंस बरोबर?" तेवढाच घोर आहे मला, बाकी मजेत आहे.

भीमाबाई जाताना विचारून गेली, फोनमधल्या म्युझियमला चप्पल काढायची का.

९ ऑगस्ट, बुधवार

आज फोटो काढले. मनतशाच्या क्लासला सुट्टी होती म्हणून तीच सगळं करून राहिली, रुद्राणीबाईंच्या दोन पोरी मदतीला.

केक ठेवतात तशी फिरती ताटली आणली, त्यावर पांढरं कापड, वर बांगडी. ताटली थोडी फिरवायची, फोटो. परत थोडी, परत फोटो. मी म्हटलं, एवढ्या वेळात मी अख्ख्या आळीच्या बायांच्या हातात चुडा भरला असता. मनतशा म्हणाली, "दादी, हिलो मत, सावली पडती."

मी प्रत्येक जुडी दाखवून सांगत गेले अन् त्यांनी माझा आवाज भरून घेतला. या दोघी जावा मला लई आठवतात म्हणून इथं पण लिहिते. शिवगंगा थोरली, केवळा धाकटी. केवळाचं लुगडं जांभळं, पण चुडा हिरवा, कारण ती पोटुशी होती अन् ओटीभरण व्हायचं होतं. शिवगंगाचं लुगडं हिरवं, तर ही म्हणाली, "मावशे, हिरव्यावर हिरवं नको, कडब्याच्या पेंढीवाणी दिसंन मी. मला जांभळ्या आण." म्हणजे जांभळ्या चिंधीत हिरव्या अन् हिरव्या चिंधीत जांभळ्या. मी हसले होते, म्हटलं, दोघी जावा बांगड्यांतबी एकमेकीच्या उलट्या.

केवळाचा हात मोठा, अडीचचा, खुरपं धरून कडक झालेला. बांगडी चढवताना ती शिव्या द्यायची. शिवगंगाचा सव्वादोनचा, लोण्याचा. तिला एक पोरगी होती, दोन-अडीच वर्षांची. बांगड्या भरताना मांडीवर बसून माझ्या डब्यातल्या काचा मोजायची, "एक, दोन, नऊ."

गेलं सगळं ते घर. शेडमधल्या लोकांनी सांगितलं, त्या गल्लीत कुणी उरलं नाही.

हे सांगता सांगता माझं बीपी वाढलं वाटतं. गोळी घेतली, दुपारची जोहरची नमाज पढले अन् जरा पडले. उठेपर्यंत पोरींनी सगळे फोटो उरकून जुड्या परत बांधून पेटीत ठेवल्या होत्या. लई नीटनेटक्या पोरी.

माझा पोरगा अकरम, मनतशाचा अब्बा, त्याच्या फोनवर आजकाल क्लासचा मेसेज येतो. तो वाचतो अन् खिशात ठेवतो, बोलत काही नाही. जाहिराती असतील.

२७ ऑगस्ट, रविवार

सुरू झालं! मनतशानं फोन माझ्या हातात दिला. आधी माझाच आवाज आला, "चुड्याऽऽ घ्या चुड्याऽऽ." मी दचकले. एवढी वर्षं झाली ती हाळी देऊन. रेकॉर्ड करताना तर लाजून हळूच दिली होती, फोननं मोठी करून ऐकवली.

मग एकेक बांगडी. बोटानं फिरवली की फिरते. दोन बोटं ताणली की जवळ येते, इतकी जवळ की काचेतला बुडबुडा दिसतो. मनतशा भराभर फिरवून राहिली तर मी ओरडले, "हळू गं, वाढंल!" आम्ही बांगडी फुटली म्हणत नाही, वाढली म्हणतो. पोरगी पोट धरून हसली. हसू दे. तीस वर्षं कापसात ठेवलेली चीज आहे, जीव वर-खाली होणारच.

प्रत्येक जुडीखाली नाव, गाव, मापं अन् माझं बोलणं. मांडलंय पण किती छान! जांभळ्या चिंधीत जांभळ्या बांगड्या, हिरव्या चिंधीत हिरव्या, पिवळ्यात पिवळ्या. शोभेत नुसती भर. शिकलेल्या माणसांची नजरच वेगळी.

नुसत्या बांगड्या नाहीत. कुणाचं जातं आहे, कुणाच्या दाराची कडी, एका भजनी मंडळाचे टाळ. आमच्या अकरमला कडी आवडली. ग्राहक झेरॉक्ससाठी उभे अन् हा कडी वाजवून बघतोय, वाजते पण. आमचं दुकान आधी चुड्यांचं होतं. ट्युशनवाले वाढले तसं झेरॉक्सचं झालं. जिथं हिरवा चुडा लटकायचा तिथं आता नीटच्या प्रश्नपत्रिका लटकतात. मला वाईट वाटत नाही. पोट त्याच्यावर चालतंय. पण आज त्याच दुकानात बांगडी फिरत होती, फोनात का होईना, तर मनतशाचे दादा लालमहंमद असते तर दोन पानं जास्त खाल्ली असती.

२ सप्टेंबर, शनिवार

लोक लिहून राहिलेत! मनतशा वाचून दाखवते. उदगीरचे एक गृहस्थ अंथरुणाला खिळलेत, त्यांनी लिहिलं, "मला कुठं जाता येत नाही, आज गावात जाऊन आलो." कुणी सोलापूरहून, कुणी तर दुबईहून. कोळसांगवीची माणसं एवढी लांब गेली हे मला कुठं माहीत? मी एकटीनं गाठोडं घेऊन किती गावं फिरले असते?

पण आजचं मुख्य सांगायचं राहिलं. इस्लापूरहून मेसेज आला. तिकडं लांब, किनवटकडं. "मी पुनम. शिवगंगाची मुलगी."

ती डब्यातल्या काचा मोजणारी!

जिवंत आहे. अंगणवाडीत शिकवते. मामानं वाढवली. तिनं मेसेजात तिचा आवाजच पाठवला, "मावशी, आईचा फोटोसुद्धा नाही माझ्याकडं. घरातलं काहीच निघालं नाही. ह्या हिरव्या बांगड्या मी फोनच्या तोंडावर लावल्यात. फोन उघडला की आई दिसती. अंगणवाडीतल्या लेकरांना पण दाखवल्या. मावशी, आईचा हात कसा होता?"

मी रडले अन् मग हसले अन् मग मनतशाला म्हटलं, लाव ते रेकॉर्डिंग. सांगितलं, "बाळ, तुझ्या आईचा हात लहानसा, सव्वादोनचा. बांगडी भरताना मला जोर म्हणून लावावा लागला नाही." अजून पण लई बोलले, तिची आई मला शेंगाच्या पोळीचा तुकडा ठेवायची ते, अन् कडब्याची पेंढी. फोननं मधेच बंद केलं, म्हणाला जास्त झालं. फोनसुद्धा मला थांबवायला लागला.

संध्याकाळी तिचा परत मेसेज. "मावशी, पण तिथं खाली माप अडीच लिहिलंय. अन् बांगड्या तर हिरव्या आहेत, जांभळ्या नाहीत."

मनतशाचंच चुकलं असणार. नीटची तयारी करणारी पोरगी अन् एक आकडा धड लिहिता येत नाही. उद्या तिला म्हणते.

३ सप्टेंबर, रविवार

आज काय झालं ते लिहायला बसले तर कधी हसू येतंय, कधी रडू.

दुपारी दारात रिक्षा थांबली. एक जाडजूड बाई उतरली, मागं एक वाळका माणूस. बाईनं दारातूनच सुरुवात केली.

"कुठाय ती मनियारीन? कोण म्हणतंय मी मेले म्हणून?"

मी म्हटलं, "बाई, तुम्ही कोण?"

"मी कोण? तूच लिवलंस ना त्या फोनात, भूकंपात गेलेल्या बाया म्हणून? माझं लेकरू पुण्याहून फोन करतंय, आई तुझं नाव मेलेल्यांत हाय म्हणं! ह्यो बघ, ह्यो माझा नवरा, भुजंग, जित्ता हाय, चहा पितो, भांडतो. अन् मी बांगड्या भरायच्या राहिलेली मेलेली बाई?"

मी पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. आवाजानं ओळखलं. बांगडी चढवताना शिव्या देणारा आवाज.

"केवळे?"

"मग काय तिचं भूत?"

मी तिला धरलं. ती सोडवून घेत होती अन् मी सोडत नव्हते. भुजंग बाहेरच उभा, म्हणे, "मावशी, भांडून झालं की सांगा, रिक्षावाला थांबलाय."

झालं असं. त्या गणपतीत केवळा माहेरी अहमदपूरला गेलेली, शिवगंगाची पोरगी बरोबर घेऊन, कारण पोरगी हिला सोडत नव्हती. भुजंग बायकोला भेटायला गेला अन् सासूनं जेवायला ठेवून घेतला. वाचले. मग तिकडंच राहिले. पोरगा झाला, बालाजी, आता पुण्याला कंपनीत आहे. पुनमला काही महिने हिनंच सांभाळलं, मग मामा येऊन घेऊन गेला. "मी नाही म्हणायची कोण?" एवढंच बोलली केवळा त्यावर. नंतर पोरीच्या लग्नाला एकदा गेलती, तेवढंच.

"अन् तीस वरीस मी फाटक्या पदराचं लुगडं नेसले," म्हणाली, "मनियारीन चिंधी घेऊन गेली ती गेली."

मनतशानं लगेच तिथल्या तिथं केवळाचं नाव गेलेल्यांतून काढलं. अंगठा फिरवला अन् बाई जिवंत. दगडावर कोरलं असतं तर छिन्नी आणावी लागली असती. केवळा म्हणाली, "एवढं काढून भागणार न्हाई. लिव्ह, केवळाबाई अहमदपूरला असतात, तब्येत बरी हाय." मनतशानं लिहिलं. रुद्राणीबाईंना फोन लावून सांगितलं तर त्या तिकडून माफी मागत होत्या, अन् केवळा इकडून, "असू द्या, असू द्या, पण मेले न्हाई मी."

मग मी मोठ्या हौसेनं तिला सगळं दाखवायला बसले. जांभळ्या बांगड्या आल्या, खाली 'केवळाबाई'. ती म्हणाली, "ह्या माझ्या न्हाईत."

"अगं, तुझी जांभळी चिंधी."

"चिंधी माझी. बांगड्या शिवगंगाच्या. माझ्या हिरव्या व्हत्या, ओटीच्या. इसरलीस?"

मग हिरव्या आल्या. खाली 'शिवगंगा'. केवळानं फोन हातात घेतला. बांगडी फिरून फिरून थांबली.

आत्ता माझ्या डोक्यात उजेड पडला. पोरींनी जुड्या सोडल्या, फोटो काढले, अन् परत बांधताना रंगाला रंग जुळवून बांधल्या. नाव चिंधीवरून लिहिलं, माप बांगडीवरून. मॅचिंग! अन् मी आठवडाभर शोभेचं कौतुक करून राहिले. डोळ्यात मोतीबिंदू आहे हे मान्य, पण अक्कल कुठं गेली होती?

मनतशाचं तोंड एवढंसं झालं. "दादी, लगेच बदलते."

"थांब," केवळा म्हणाली. "पोरीनं फोनवर लावल्यात म्हणलीस ना?"

"हाव. फोन उघडला की आई दिसती म्हणं."

"मग राहू दे."

"काय राहू दे? त्या तुझ्या आहेत!"

"माझ्या हाईत तर मी म्हणते, राहू दे. मी कुठं मागून राहिले? तिला तेवढंच हाय, मावशे. ते काढून घेतेस?"

"अन् तिच्या आईच्या दुसरीच्या नावावर पडून राहू देऊ? अमानत आहे ती."

"तुझी अमानत खड्ड्यात घाल."

आम्ही तीस वर्षांनी भेटलो अन् पहिल्याच दिवशी एकमेकींशी बोलेनाशा झालो. चहा तिनं प्याला, पण तोंड फिरवून. जाताना म्हणाली, त्या पोरीचा आवाज हाय म्हणता, लावा बरं एकदा. लावला. म्हणाली, नीट ऐकू आला न्हाई. परत लावला. चारदा लावायला लावला. तिला कमी ऐकू येतं वाटतं.

१२ सप्टेंबर, मंगळवार

केवळा परत आलती. अहमदपूरहून एसटीनं. म्हणाली, लातूरला काम होतं. काम काय ते कळलं नाही. बसली, भांडली, मेसेज ऐकला, गेली. गेल्या शनिवारी पण आलती. एवढी भांडायची हौस असलेली बाई मी बघितली नाही.

पुनमला मी काहीच कळवलं नाही. तिनं मापाचं विचारलं होतं त्याला उत्तर द्यायचं राहिलंय. फोनमधलं एका अंगठ्यानं बदलेल, पण तिकडं पोरीनं सकाळी फोन उघडावा अन् आई बदललेली दिसावी, हे मला करवत नाही. अन् न सांगता पण राहवत नाही. रुद्राणीबाई म्हणाल्या, "मावशी, चूक आमची. पण सांगायचं कसं ते तुम्ही ठरवा, तुमच्या माणसांचं आहे." त्यांनी तोवर त्या दोन जुड्यांखाली लिहून ठेवलंय, 'माहिती तपासत आहोत.' लई सभ्य बाई.

मला एवढंच कळतं, हे तोंडानं सांगायचं, समोर बसवून. मी तिला निरोप दिला, "बाळ, एकदा लातूरला ये. बांगड्या फोनात बघायच्या नसतात, भरायच्या असतात."

तिचं उत्तर आलं, महिनाअखेरीला गावच्या स्मारकावर येणार आहे, तिथून येते.

केवळाला कळवलं. ती म्हणाली, "मी येणार न्हाई. तुझं तू बघ." अन् मग विचारलं, "किती वाजता येती?"

२८ सप्टेंबर, गुरुवार

ईद-ए-मिलाद अन् गणपती विसर्जन एकाच दिवशी. गल्लीत दोन्हीकडचे आवाज. भीमाबाईच्या मेसच्या पोरांना आमच्याकडून शीरखुर्मा गेला अन् तिकडून मोदक आले.

अकरमनं दुकानाच्या काचेवर एक चौकोनी काळं-पांढरं जाळीचं चित्र चिकटवलंय. त्याच्यावर फोन धरला की म्युझियम उघडतं. क्लासची पोरं झेरॉक्सला थांबली की धरतात. मी म्हटलं, "कुणी दिलं रे?" तो म्हणाला, "मनतशानं बनवलं." अन् मग तिला म्हणाला, "अब्बासे छुपाके कितने दिन चलता? आता दुपारी हे कर, सकाळी क्लास. दोन्ही बुडवू नको." पोरगी बघतच राहिली. काय छुपवलं होतं ते मला दोघांनी सांगितलं नाही.

उद्या पेटीतल्या जुड्या नीट लावते. साबण आणून ठेवला. हात मला साथ देतील का बघायचं. बारा वर्षांत कुणाच्या हातात चुडा भरला नाही.

१ ऑक्टोबर, रविवार

आली. काल स्मारकावर जाऊन मुक्कामाला औशाला थांबली होती, आज सकाळी इथं. उंच, सावळी, आवाज फोनातल्यापेक्षा हळू. मी तिच्या तोंडात शिवगंगा शोधत होते. सापडली नाही. हसली तेव्हा जरा सापडली.

केवळा अर्ध्या तासानं आली, भुजंगसकट, "इकडून चाललोतो" म्हणत. अहमदपूरची माणसं कुठं चालली असतील आमच्या गल्लीतून, सांगा. पुनम उठून पाया पडली, "काकू." केवळा म्हणाली, "बस, बस. वाळलीस." पुढं दोघी आपापल्या भिंतीकडं बघत.

मी विचार केला, आता फिरवून सांगायचं नाही. पुनमचा हात हातात घेतला. मनियारीन हात धरते तेव्हा बाईला बोलतं ठेवते, म्हणजे हात ढिला पडतो, दुखत नाही. हे आमचं कसब म्हणा की खोड म्हणा. मी तिला अंगणवाडीचं विचारलं, लेकरांचं विचारलं. मग सांगितलं. चिंध्या, बांगड्या, पोरींचं मॅचिंग, माझे डोळे. सगळं. "तुझ्या फोनवर ज्या आहेत त्या तुझ्या आईच्या नाहीत, बाळ. तुझ्या आईच्या ह्या जांभळ्या. हिरव्यावर हिरवं नको म्हणाली होती, कडब्याची पेंढी दिसंन म्हणून."

तिचा हात माझ्या हातात घट्ट झाला. मनतशा कोपऱ्यात उभी, रडायच्या बेतात. केवळा म्हणाली, "मी म्हणलेलं राहू दे म्हणून. ऐकते का ही?"

पुनमनं जांभळ्या उचलल्या. लई वेळ बघितल्या. मग फोन काढून तोंडावरच्या हिरव्या बघितल्या.

"मग ह्या कुणाच्या?"

मी बोटानं दाखवलं. केवळा लुगड्याची किनार सारखी करू लागली, जशी काय आत्ताच ती करायची होती.

"काकूच्या?" पुनम म्हणाली. "म्हंजे महिनाभर रोज सकाळी मी काकूला बघून राहिले?"

केवळाची किनार काही सारखी होईना.

"काकू, तुमच्या घरून मामा घेऊन गेला तवा मी तुमचा पदर सोडत न्हवते म्हणं. मामी सांगायची. फाटला म्हणं पदर."

"तो आधीच फाटका व्हता," केवळा म्हणाली. "ह्या मनियारनीनं चिंधी नेली व्हती." अन् एवढं बोलून ती जी रडायला लागली. भुजंग बाहेरून आत आला, काय झालं म्हणून. मी त्याला म्हटलं, जा, चहा सांग. तो गेला.

मग भरायला बसले. जांभळी सव्वादोनची, पुनमचा हात अडीचचा, काकूसारखा. साबण लावला, अंगठ्याचं हाड आत वळवलं, करंगळीकडून दाबलं. पहिली बांगडी निम्म्या हातावर आली अन् अडकली. मी अजून दाबणार, तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा, मावशी. आई इथवर आली. बास."

मी थांबले. तशीच धरून बसलो आम्ही दोघी. मग मी ती हळूच काढली. वाढली नाही, अल्लाची मेहेर.

"आता ही अमानत झाली का पोचती?" मी म्हटलं. "भरली नाही तर पोचली कशी?"

केवळा डोळे पुसून पुढं सरकली. "माझ्या तर पोचत्या करशील? माझ्या हाताला आता ह्या शिरत न्हाईत, मनगट बघ माझं. ह्या तिला भर. मी जित्ती हाय, मी सांगून राहिले. ज्याची अमानत त्याचा हुकूम."

मी पुनमकडं बघितलं. तिनं दुसरा हात पुढं केला, आपणहून.

हिरव्या सरसर चढल्या. एकही अडकली नाही. केवळा प्रत्येक बांगडीला "हळू, हळू, पोरीला लागंल" म्हणून माझ्यावर ओरडत होती, अन् पुनम हसत होती, अन् आता तिच्या तोंडात शिवगंगा चांगलीच दिसत होती. शेवटी माझ्याकडची एक साधी काचेची वर घातली, शकुनाची, तशी रीतच आहे. जांभळ्या तिच्या ओटीत घातल्या, हिरवी चिंधी बांधून. ओटीत घातलं म्हणजे पोचलं, असं केवळानं ठरवून टाकलं, अन् मी हुज्जत घातली नाही.

मनतशानं म्युझियममध्ये दोन्ही जुड्या बदलल्या. पुनम म्हणाली, नुसतं बदलू नका, आधी काय चुकलं होतं ते पण लिहा, अन् त्या चुकीनं मी काकूकडं कशी आले ते पण. मग तिनं अन् केवळानं बसून ते बोललं, मनतशानं भरून घेतलं. केवळा मधे मधे शिव्या घालत होती. त्या काढायच्या का, मनतशानं विचारलं. पुनम म्हणाली, राहू द्या.

औशाहून अजून एकाचा फोन आलाय, पिवळी चिंधी त्याच्या आईची असंल म्हणतो. मी म्हटलं, घेऊन या बायकोला नाहीतर लेकीला, ज्याचा हात असंल त्याला.

पुनम इस्लापूरला परत गेली नाही. केवळाबरोबर अहमदपूरला गेली, दोन दिवस राहून मग जाईल. रिक्षात बसताना काच लागू नये म्हणून केवळानं तिचा हात स्वतःच्या मांडीवर घेतला होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, सगळेच परत येतो म्हणून सांगून गेलेत.